अडीच टनांची गोंडोला

व्हेनिसच्या कालव्यातून गोंडोलात बसून अर्धा तास फिरायचं ठरलेलं भाडं ९० युरो आहे. संध्याकाळी सातनंतर बसलात तर ११०. युरो सोयीसाठी शंभर रुपयांचा धरला, तर ९० युरो म्हणजे नऊ हजार रुपये. पुण्या-मुंबईचा माणूस हा आकडा ऐकून ‘महाग आहे’ म्हणेल आणि पुढच्या विषयाकडं वळेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीचा माणूस तसा वळत नाही. तो आधी टनात जातो. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागं ३,५५० रुपये. म्हणजे गोंडोलाचा अर्धा तास झाला अडीच टन ऊस. एकरी चाळीस टन पडला तर गुंठ्याला एक टन. आडसाली लागण असेल तर अडीच गुंठे रान दीड वर्ष सांभाळायचं, पाणी पाजायचं, खत घालायचं, आणि ते सगळं अर्ध्या तासात पाण्यात. त्यातून तोडणी-वाहतूक अजून वजा केलेलीच नाही.

तोडकऱ्याच्या बाजूनं हिशेब मांडला तर तो आणखी बोचतो. जानेवारी २०२४ च्या करारानं तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला साधारण दोन टन तोडतात. नऊ हजार रुपये व्हायला साडेचोवीस टन तोडावा लागतो, म्हणजे बारा दिवस. शेंगेन व्हिसाची फीसुद्धा नेमकी ९० युरोच आहे. म्हणजे व्हेनिसला जाऊन गोंडोलात बसायचं तर बारा दिवसांची तोडणी दारात उभं राहायला आणि बारा दिवसांची नावेत बसायला.

हा सगळा हिशेब निघाला तो ताई आणि दाजींमुळं. दाजींचं गाव बिद्री. एका बाजूला दूधगंगा, दुसऱ्या बाजूला वेदगंगा, आणि या दोन्ही नद्यांचं नाव लावणारा सहकारी साखर कारखाना. इथं माणूस बोलतो तो टनात, फुटात आणि टीएमसीत. भाचा जर्मनीत नोकरीला आहे. त्यानं आईवडिलांना बोलावलंय आणि सांगितलंय, की रजा थोडी आहे, इटलीतलं एकच शहर नीट बघू. व्हेनिस किंवा फ्लॉरेन्स, तुम्ही ठरवा. ताईचं मत पक्कं होतं. तिनं १९७९ चा ‘द ग्रेट गॅम्बलर’ पाहिलेला आहे आणि अमिताभ-झीनत जिथं नावेतून गेले तिथं तिला जायचंय. त्या पिढीच्या अर्ध्या महाराष्ट्राचं व्हेनिस तेवढंच आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही.

दाजी म्हणाले, “पाव्हणं, पेपरात लिवता न्हवं? मग एकच सांगा. हे का ते?”

तर सांगतो. पण आकड्यांवाटं सांगतो, कारण या दोन शहरांचे आकडे डोकं गरगरवणारे आहेत, आणि ते नीट वाचले की उत्तर आपोआप निघतं.

व्हेनिस ११८ बेटांवर वसलंय आणि त्यांना जोडायला चारशेच्या वर पूल आहेत. हे पाठ्यपुस्तकातलं झालं. खरी गंमत पाण्याखाली आहे. १६३० च्या प्लेगमधून वाचलो म्हणून गावानं नवस फेडायला सांता मारिया देल्ला सालुते नावाचं चर्च बांधलं. १६३१ ला काम सुरू झालं, १६८७ ला संपलं. चिखलात ते उभं राहावं म्हणून खाली जे लाकडी खांब ठोकले, त्यांची नोंद अकरा लाखांच्या वर आहे. एका चर्चखाली अकरा लाख. दिवसाला हजार खांब ठोकले, एक दिवसही सुटी घेतली नाही, तरी तीन वर्षं लागतात, आणि तेव्हा ठोकायला यंत्र नव्हतं. रिआल्तोचा प्रसिद्ध दगडी पूल १५८८ ते १५९१ मध्ये झाला, त्याच्याखाली बारा हजार खांब. एवढं लाकूड चारशे वर्षं कुजलं कसं नाही? आपल्याकडं जुन्या विहिरीच्या तळाला जांभळाचं लाकूड घालायचे, त्याचं कारण तेच. लाकूड कायम पाण्यात, चिखलात दबलेलं राहिलं, त्याला हवा लागली नाही, तर कुजवणारी बुरशी तिथं जगत नाही. लाकूड मरतं ते ओलं-सुकं, ओलं-सुकं होत राहिलं की.

व्हेनिसचा दुसरा आकडा माणसांचा. जुन्या शहरात, म्हणजे फोटोत दिसतं त्या व्हेनिसमध्ये, १९५१ साली पावणेदोन लाख लोक राहत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. पुढच्याच वर्षी तिथल्या एका नागरिक गटानं मोजून दाखवलं, की पर्यटकांसाठीच्या खाटा आता रहिवाशांपेक्षा जास्त झाल्यात. माणसांपेक्षा पाहुण्यांची अंथरुणं जास्त. आणि वर्षाला येणारे लोक? अंदाज दोन ते तीन कोटींचे आहेत. भागाकार करा: एका रहिवाशामागं चारशे ते सहाशे पाहुणे. कोल्हापूर शहराची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ५ लाख ४९ हजार. त्याच प्रमाणात कोल्हापूरला पाहुणे आले तर वर्षाला बावीस ते तेहतीस कोटी येतील. त्याच जनगणनेत सगळा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता. म्हणजे गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक माणूस, तान्ह्या बाळासकट, वर्षातून दोन-तीनदा कोल्हापुरात येऊन गेला पाहिजे. नवरात्रात महाद्वार रोडला जी गर्दी असते ती बाराही महिने, आणि रांगेत उभं राहणाऱ्यांत गावातलं कुणीच नाही.

म्हणून २५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिसनं गावात शिरायचं तिकीट लावलं. मुक्काम न करता दिवसाचे दिवशी परतणाऱ्याला गर्दीच्या ठरावीक दिवशी पाच युरो. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते. ४ लाख ८५ हजार लोकांनी पैसे भरले, सव्वाचोवीस लाख युरो जमले. गर्दी काही हटली नाही. हटणार तरी कशी? साडेसहा हजार किलोमीटरवरून आलेला माणूस पाचशे रुपयांसाठी दारातून माघारी फिरत नाही. माझ्या मते ही गर्दी रोखायची युक्ती नव्हती, गर्दी मोजायची होती.

आता पैशाचा सगळ्यात मोठा आकडा. समुद्राचं पाणी गावात शिरू नये म्हणून व्हेनिसच्या खाडीच्या तीन तोंडांवर ७८ पोलादी दरवाजे बसवलेत. एरवी ते तळाशी आडवे पडलेले असतात. भरती मोठी येणार असं दिसलं की त्यांच्यात हवा भरतात आणि ते उभे राहतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाणी बाहेर सोडायला उघडतात, हे पाणी आत येऊ नये म्हणून उठतात, एवढाच फरक. काम २००३ ला सुरू झालं. २०१४ साली त्यातल्या लाचखोरीचं मोठं प्रकरण बाहेर आलं (टक्केवारी हा काही आपला एकट्याचा शोध नाही). ३ ऑक्टोबर २०२० रोजी दरवाजे पहिल्यांदा खऱ्या भरतीसमोर उभे राहिले. खर्च साडेपाचशे कोटी युरोंच्या घरात. रुपयात पंचावन्न हजार कोटी. दाजींच्या मापात साडेपंधरा कोटी टन ऊस. २०२३-२४ च्या हंगामात अख्ख्या महाराष्ट्रातल्या सगळ्या कारखान्यांनी, सहकारी आणि खासगी मिळून, साधारण पावणेअकरा कोटी टन गाळला. म्हणजे राज्यातल्या प्रत्येक शेतकऱ्यानं जवळजवळ दीड हंगाम आपलं बिल व्हेनिसला पाठवलं, तर ते ७८ दरवाजे होतात. आणि ते कशासाठी, तर पन्नास हजारांहून कमी माणसांचं गाव कोरडं ठेवायला.

दाजी हे ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, “आमच्याकडं एवढं दिलं असतं तर पंचगंगेचं पाणी पुन्ना गावात आलं नसतं.”

त्यांना पूर आठवणार हे उघड होतं, आणि पुराच्या आकड्याशीच ही दोन शहरं एकत्र येतात. ४ नोव्हेंबर १९६६. त्या एकाच दिवशी व्हेनिसमध्ये समुद्र चढला आणि फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदी फुटली. व्हेनिसची पातळी १९४ सेंटिमीटर भरली, तो आजतागायतचा विक्रम आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात १८७ पर्यंत गेली होती. फ्लॉरेन्समध्ये काही भागांत पाणी पावणेसात मीटर चढलं, म्हणजे दुमजली घराची कौलं बुडावीत इतकं. आपल्याकडं राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या वर. हे आकडे एकमेकांशी लावायचे नाहीत हं. व्हेनिसची पातळी १८९७ साली ठरवलेल्या समुद्रपातळीवरून मोजतात, आपली बंधाऱ्यावरच्या पट्टीवरून, आणि फ्लॉरेन्सचे पावणेसात मीटर हे थेट रस्त्यावरचं पाणी. मापाची पट्टी कुठं ठोकलीय हे बघितल्याशिवाय पुराचा कुठलाच आकडा बोलत नाही, हे शिरोळ-करवीरच्या माणसाला सांगायला नको.

फ्लॉरेन्सच्या पुराचा मला जो आकडा कळतो तो चिखलाचा आहे. पाणी ओसरल्यावर गावात सहा लाख टन चिखल उरला. डोक्यागणिक वाटला तर प्रत्येक माणसाच्या वाट्याला टनभराहून जास्त. दहा टनी ट्रकनं काढायचा तर साठ हजार खेपा. त्यात घरं तापवायचं तेल मिसळलेलं, कारण थंडी सुरू होती आणि तळघरातल्या टाक्या नुकत्याच भरलेल्या. फ्लॉरेन्स आणि आसपास ३५ माणसं गेली. नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दहा लाखांच्या वर पुस्तकं आणि कागद भिजले. कॉलेजची पोरंपोरी देशोदेशीहून आली, रांगा करून हातोहात पुस्तकं वर काढत राहिली. ज्यांनी शाहूपुरीत दुकानातली भिजलेली गाठोडी उपसलीत त्यांना त्या रांगेतला वास सांगावा लागत नाही.

आता फ्लॉरेन्सच्या अभिमानाचा आकडा. तिथल्या मुख्य चर्चचा घुमट ब्रुनेलेस्कीनं १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत उभा केला. विटा चाळीस लाखांच्या वर, वजन ३७,००० टन, आतला व्यास सुमारे ४५ मीटर. खालून लाकडी साच्याचा आधार न देता चढवलेला. चाळीस लाख ऐकून भारी वाटतं, पण भागून बघा: दिवसाला सातशे विटासुद्धा पडत नाहीत. एका साध्या बंगल्याला वीस-पंचवीस हजार विटा लागतात, म्हणजे एवढ्या विटांत पावणेदोनशे बंगले झाले असते. कागलच्या कुठल्याही नव्या कॉलनीत तेवढे निघतील. म्हणजे घुमटाचं मोठेपण विटांच्या संख्येत नाहीच. आणि हा आकार बघायला विमानानं जायलाच पाहिजे असंही नाही. विजापूरचा गोल घुमट बाहेरून ४४ मीटर व्यासाचा आहे, १६५६ मध्ये पुरा झालेला. एकाचं माप आतलं, दुसऱ्याचं बाहेरचं, म्हणून सख्खे नाहीत तरी चुलतभाऊ, वयात सव्वादोनशे वर्षांचं अंतर. फ्लॉरेन्सला वर चढायला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. ताईच्या गुडघ्यांसाठी हा आकडा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे.

एवढ्यावर निकाल दिला असता तर मी व्हेनिस म्हटलं असतं. घुमट विजापुरात आहे, व्हेनिस दुसरं कुठंच नाही. पण फ्लॉरेन्सचा एक आकडा असा आहे, की कोल्हापूरच्या माणसाला तो ओलांडून जाता येत नाही. तो आकडा वीस.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज वयाच्या विसाव्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये गेले. शाहू महाराजांच्या मुलाचंही नाव राजाराम, त्यामुळं घोळ होतो. हे शाहू महाराजांच्या आधीचे. एप्रिल १८५० चा जन्म, पाटणकरांच्या घरातून दत्तक आलेले, १८६६ ला गादीवर बसले. १८७० साली ते विलायतेला गेले. प्रवासात इंग्रजीत रोजनिशी लिहिली, ती कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ ला प्रसिद्ध झाली. परतीच्या वाटेवर तब्येत बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात त्यांचं निधन झालं. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. रोम जिंकून दोन-अडीच महिनेच झाले होते.

पुढचा प्रश्न सोपा नव्हता. त्या शहरात प्रेत जाळायची चालच नव्हती. इटलीतलं पहिलं दहनगृह मिलानला झालं ते १८७६ मध्ये, म्हणजे अजून सहा वर्षांनी. बरोबरच्या मंडळींना अग्नी द्यायचा होता, आणि तोही दोन नद्यांच्या संगमावर. नगरपालिकेनं खास परवानगी दिली. कॅशिने नावाची बाग आर्नोच्या काठानं साडेतीन किलोमीटर लांब पसरलेली आहे. तिच्या पार पश्चिमेच्या टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. तिथं रात्री चिता रचली. बघायला गावातली माणसं जमली होती. आपल्या प्रयाग चिखलीच्या घाटावर जे शेकडो वर्षं चालत आलंय, ते त्या रात्री आर्नोच्या काठानं पहिल्यांदा बघितलं.

त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. खाली महाराजांचा अर्धपुतळा, चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा. तो नुसत्या पांढऱ्या संगमरवराचा नाही, रंगवलेला आहे. डोक्याला पगडी, गळ्यात मोत्यांचे सर, ओठावर मिसरूड जेमतेम फुटलेलं. आजूबाजूला सगळं शहर नग्न पांढऱ्या पुतळ्यांचं, आणि बागेच्या टोकाला हा एकटा कपड्यालत्त्यात, रंगात बसलेला पोरगा. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरकरांनी हा हात ओळखायला हवा, कारण १८८४ ला पुरा झालेल्या नव्या राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. नवा राजवाडा बघून जो मोठा झाला, त्याला साडेसहा हजार किलोमीटरवर त्याच माणसाच्या हातची छत्री भेटते.

एवढ्यावर थांबलं नाही. १९७८ मध्ये तिथून आर्नोवर तारांनी तोललेला मोठा पूल झाला, मधला गाळा सुमारे दोनशे मीटरचा. त्याचं नाव ‘इंडियानो’चा पूल. ज्याच्या नावानं तो पूल आहे तो ‘इंडियन’ म्हणजे आपले राजाराम महाराज. १०८ वर्षांनी, पोलाद आणि काँक्रीटच्या कामाला, त्या शहरानं वीस वर्षांच्या परक्या राजाची खूण ठेवली. कोल्हापुरात त्यांच्या नावाचं राजाराम कॉलेज १८८० पासून आहे. त्यात शिकलेल्या किती जणांना हा पूल माहीत आहे, ते विचारायचं धाडस मी करत नाही.

फ्लॉरेन्सच्या बाजूनं अजून एक वजन टाकतो. जुलै १९४४ संपताना मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण फ्लॉरेन्सच्या दिशेनं लढत चालली होती. वाटेत मोंतेगुफोनी नावाचा जुना वाडा लागला. बाँबहल्ल्यांतून वाचावीत म्हणून फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतली अडीचशेच्या आसपास चित्रं तिथं आणून ठेवलेली होती. त्यात बोत्तिचेल्लीची ‘प्रिमावेरा’, दोन मीटर उंच आणि तीन मीटर लांब, भिंतीला टेकवलेली. तोफा जवळच वाजत होत्या आणि पहाऱ्याला सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडून भरती होणारी ही पलटण. एरिक लिंक्लेटर या स्कॉटिश लेखकानं हा प्रसंग लिहून ठेवलाय. आज ती चित्रं उफीझी संग्रहालयात आहेत आणि तिकीट २५ युरो, म्हणजे सातशे किलो ऊस. इटलीच्या लढाईत ५,७८२ हिंदी सैनिक कामी आले. तिथं दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांना मिळाले, आणि त्या सहांत दोघं मराठा पलटणींचे: रायगडच्या पळसगावचे यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला तायबर खोऱ्यात पडले तेव्हा वय २२, आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर. घाडगे यांचं स्मारक २०२३ साली मोंतोने गावात उभं राहिलं. फ्लॉरेन्सहून ते एका दिवसात करून येता येतं.

तेव्हा दाजी, एकच शहर म्हणता तर फ्लॉरेन्स. गरज पडली तर वाद घालू, पण निकाल हाच. ताईचं मन मोडायचं नसेल तर एक रात्र व्हेनिसला काढा. दोन्ही शहरांत रस्त्यानं अडीचशे-तीनशे किलोमीटर अंतर आहे, आगगाडी सव्वादोन तासांत पोचवते. (कोल्हापूर-पुणे लोहमार्ग ३२६ किलोमीटर आणि वंदे भारतला सव्वापाच तास, ही तक्रार पुढच्या वेळी.) पण मुक्काम करा. दिवसाचे दिवशी जाऊन आलात तर ठरावीक दिवशी तिकीटही भरायचं आणि गर्दीही तेवढीच. मुक्काम केला की संध्याकाळी सहलीच्या बसगाड्या निघून गेल्यावर आणि सकाळी त्या परत यायच्या आधी गाव जरा माणसांचं वाटतं. गोंडोला अर्ध्या तासाला अडीच टनच राहील. पण नावेला भाडं आहे, माणशी नाही, पाच जण बसतात. भाचा धरून तिघं असाल तर अजून दोन जण काठावर शोधा, म्हणजे माणशी अर्ध्या टनात भागेल.

उफीझी सोमवारी बंद असते, तिकीट आधी काढून ठेवा. कॅशिने बागेला तिकीट नाही. मध्यवस्तीतून नदीकाठानं पश्चिमेला चालत सुटलं की तासाभरात छत्री लागते.